ग्रुपचं नाव बदललं

सेवानिवृत्तीच्या समारंभात मला शाल, श्रीफळ आणि तरुण पिढीला सुधारण्याची खाज अशा तीन वस्तू मिळाल्या. शाल कपाटात गेली, नारळाच्या वड्या झाल्या. तिसऱ्या वस्तूचं काय करायचं हे शिक्षण खातं सांगत नाही. समोरचा वर्ग एका दिवसात काढून घेतात आणि बोलायची सवय तेवढी तुमच्याकडे ठेवतात. घरात एकच विद्यार्थी उरला होता. पण आमच्या ह्यांनी पेपरातून मान वर न करता सांगून टाकलं, "मी सुधारण्याच्या पलीकडे गेलोय. तू बाहेर बघ."

बाहेर म्हणजे भाचा. राहुरीकडे शेती, हातात पदवी, पोलीस भरतीची तयारी आणि संध्याकाळी पारावर बसून मोबाइल. तुझ्यासारख्या मुलांसाठी ऑनलाइन वाचनगट काढते म्हटल्यावर तो म्हणाला, "काढ ना मावशी." हे 'काढ ना' म्हणजे होकार नव्हे, विषय संपवणं आहे, हे त्याच्या आईने लगेच ओळखलं असतं. मी फक्त मावशी.

डॉ. अब्दुल कलामांची जयंती, 15 ऑक्टोबर, आपल्याकडे 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. 2023 साली तोच मुहूर्त धरून 'आत्मोन्नती युवा वाचक मंडळ, अहमदनगर जिल्हा' हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जन्माला आला. नियमावली मी आधीच करून ठेवली होती. रोज दहा पानं वाचायची. रविवारी सकाळी साडेसहाला गूगल मीटवर चर्चा. सुप्रभातचे फुलांचे फोटो बंद. विषय सोडून काहीही टाकायचं नाही. भाच्याने मित्र जोडले, मित्रांनी त्यांचे मित्र जोडले, आणि प्रवेशाची लिंक कुणीतरी गावच्या ग्रुपवर टाकून दिली. शनिशिंगणापूरला घरांना दारं नसतात, पण तिथे राखणीला शनिदेव आहेत. आमच्या ग्रुपला दारही नव्हतं आणि राखणीला मी होते. आठवडा व्हायच्या आत एक एनए प्लॉटवाले आणि शेअर बाजारात पैसे दुप्पट करून देणारी एक 'कोमल' नावाची बाई युवा वाचक म्हणून दाखल झाली. कोमलने माझ्या नियमावलीला बदाम पाठवला. तेवढा एकच प्रतिसाद आला, म्हणून तिला काढायला माझा हात धजेना.

उद्‌घाटनाचं भाषण मी आवाजी संदेशात केलं. आपला जिल्हा म्हणजे वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांची भूमी, असा सूर. नेवाशापासून सुरुवात केली. शके 1212 मध्ये तिथे ज्ञानेश्वरांनी खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. मग नगरचा भुईकोट किल्ला. ऑगस्ट 1942 मध्ये इंग्रजांनी नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव असे काँग्रेसचे बारा पुढारी तिथे आणून कोंडले. 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबरात नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं ते तिथेच, आणि पुस्तक अर्पण केलं त्या सहबंद्यांना. त्याच किल्ल्यात आचार्य नरेंद्र देव 'अभिधर्मकोशा'च्या फ्रेंच भाषांतरावर काम करत बसले होते. मी म्हटलं, "मुलांनो, हा आपल्या जिल्ह्यातला खरा वाचनगट!"

त्या गटातून बाहेर पडायची सोय नव्हती, हा त्याच्या यशातला मुख्य मुद्दा मात्र माझ्या ध्यानात आला नाही. माझ्या गटात ती सोय होती आणि भाषणाच्या मध्यावरच तिचा वापर सुरू झाला. भाच्याने पुढे सांगितलं की बहुतेकांनी भाषण दुप्पट वेगाने ऐकलं. त्यामुळे नेवाशाहून निघालेली मी चिमणीच्या आवाजात किल्ल्यावर पोचले आणि नेहरू, पटेल, आझाद हे सगळे एका दमात आत गेले. पारनेरच्या एका मुलाने मनापासून विचारलं, "मॅडम, हे भरतीच्या जीकेमध्ये येतं का?"

मौलाना आझादांनी त्या किल्ल्यात पहाटे उठून, चिनी चहा पीत एका स्नेह्याला लांबलचक पत्रं लिहिली. ती पत्रं पोस्टात पडायची शक्यता नव्हती. पुढे 'गुबार-ए-खातिर' नावाने त्यांचं पुस्तक झालं. मीही पहाटे चहा घेऊन लिहायला बसत असे. माझे संदेश पोचत होते एवढाच फरक. खाली दोन-दोन निळ्या खुणा यायच्या आणि त्यापुढे शांतता. नगरजवळ अरणगावाला मेहेरबाबांनी 10 जुलै 1925 रोजी मौन धरलं, ते 1969 साली देह ठेवीपर्यंत सोडलं नाही. पण बाबा निदान अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून बोलायचे. माझी मुलं अंगठा दाखवायची. साक्षरता मोहिमेत मी वाड्यावस्त्यांवर कंदील घेऊन फिरलेली बाई. म्हाताऱ्याकोताऱ्यांचा हात धरून अंगठ्याच्या जागी सही आणली. आता त्यांचीच पदवीधर नातवंडं माझ्या प्रत्येक परिच्छेदाखाली अंगठा उठवत होती.

पुस्तक निवडायला मतदान घेतलं. 'मन में है विश्वास', 'अग्निपंख' आणि 'रिच डॅड पुअर डॅड' यांना भरघोस मतं पडली. मी 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र जाहीर केलं. बाईंच्या वर्गात मतदान असतं, पण निकाल बाईंचा असतो. कारणंही चांगली होती. लक्ष्मीबाई टिळक नगरला राहिल्या, राहुरीला राहिल्या, म्हणजे लेखिका आपल्याकडची. शिवाय त्या 1936 साली गेल्या, त्यामुळे लेखकहक्काची मुदत केव्हाच संपलेली. "पीडीएफ आहे का?" या आजच्या वाचकाच्या आद्य प्रश्नाला मी ताठ मानेने 'आहे' म्हणू शकत होते. मी स्वतः 'स्मृतिचित्रे' डीएडला असताना वाचलं होतं. म्हणजे त्यातला एक उतारा वाचला होता. उताऱ्याखालचे प्रश्न मात्र सगळे सोडवले होते.

पहिल्या रविवारी साडेसहाला मी इस्त्रीची साडी नेसून, मागे पुस्तकांचं कपाट दिसेल अशी बसले. भाचा मैदानावरून हजर झाला. भरतीला सोळाशे मीटर धावावं लागतं आणि ते सकाळीच धावतात, हे मला माहीत असायला हवं होतं. पडद्यावर आभाळ वरखाली होत होतं आणि "ऐकतोय… मावशी… बोल" एवढं धापा टाकत येत होतं. शेवगावचा एक मुलगा नगरच्या अभ्यासिकेत बसून आलेला, तिथे बोलायला बंदी, त्यामुळे तो नुसता डोळे मोठे करायचा. श्रीगोंद्याच्या एकाचा कॅमेरा बंद होता. त्याला नावाने हाक मारली तर आई बोलली. "निजलाय तो. रातची लाइट होती, पहाटेपर्यंत दारं धरीत होता उसाला. उठवू का?" नको म्हटलं. माऊलीने मग माझी चौकशी केली, पेन्शन किती बसली विचारलं आणि राहिलेला वेळ आम्ही दोघी बोललो. चर्चा म्हणून त्या सकाळची ती एवढीच झाली, पण चांगली झाली. अकोल्याकडची एक मुलगी घराच्या वरच्या टेकाडावर जाऊन, वाऱ्याने उडणारी ओढणी एका हाताने धरून, सगळा वेळ बसून होती. तिला मी म्हटलं, "रेंज नाही हे कारण मी ऐकून घेणार नाही हं." कारण तिने दिलंच नव्हतं. मी तयारी करून ठेवलेली होती, वापरून टाकली.

याच सुमारास मी सॅम्युएल स्माइल्स काढून बसले. स्वावलंबनावरचं त्याचं 'सेल्फ-हेल्प' हे 1859 चं पुस्तक या सगळ्या आत्मोन्नतीच्या धंद्याचं मूळपुरुष. त्याच्या प्रस्तावनेत इंग्लंडातल्या लीड्स गावची हकीकत आहे. दोन-तीन गरीब पोरं हिवाळ्यात संध्याकाळी एका झोपडीवजा घरात जमायला लागली, ज्याला जे येतं ते दुसऱ्याला शिकवायला लागली. संख्या वाढली तेव्हा बागेत बसली. पाऊस आला की पाट्यांवरची गणितं धुऊन जायची. शेवटी त्यांनी एक मोठी कळकट खोली भाड्याने घेतली. तिथे पूर्वी कॉलऱ्याचं तात्पुरतं इस्पितळ होतं, म्हणून ती कुणी घेत नव्हतं. मी भारावून ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ह्यांनी पहिल्यांदाच पेपर खाली ठेवला. "मग हा स्माइल्स तिथे कसा गेला?"

"मुलांनी बोलावलं त्याला, आमच्यापुढे दोन शब्द बोला म्हणून."

"हां," म्हणून त्यांनी पेपर परत वर घेतला.

डिसेंबरात ग्रुपवर पहिल्यांदा नियमभंग झाला. राहुरीच्या एका पोराने वांबोरीचे कांद्याचे भाव टाकले. मी संदेश उडवला आणि नियम चार पुन्हा डकवला. दुसऱ्याने घोडेगावचे भाव टाकले. तेही उडवले. मग 8 डिसेंबरपासून केंद्राने कांद्याची निर्यातच बंद केली, आणि जवळजवळ दोन महिने अंगठ्यापलीकडे न गेलेला माझा ग्रुप रात्री दोनपर्यंत जागा राहिला. कुणीतरी दिल्लीच्या परकीय व्यापार महासंचालनालयाची मूळ अधिसूचना शोधून टाकली. इंग्रजीत, तीही सरकारी इंग्रजीत. पोरांनी ती वाक्य तोडून वाचायला घेतली. बंदी 31 मार्च 2024 पर्यंत, हे एकाने काढलं. अधिसूचनेच्या आधी ज्या मालाची भरणी जहाजावर सुरू झाली तो जाऊ देणार, हे दुसऱ्याने काढलं. मग 'भरणी सुरू झाली' म्हणजे नेमकं काय, बंदरात उभा असलेला कंटेनर त्यात येतो की नाही, यावर जी खडाजंगी झाली तशी मी प्रशिक्षणाच्या शिबिरांतसुद्धा ऐकली नाही. अभ्यासिकेतला मुका मुलगा चार-चार परिच्छेद लिहीत होता. श्रीगोंद्याचा झोपाळू आदल्या ऑगस्टमधल्या चाळीस टक्के निर्यात शुल्काचे कागद घेऊन उठला. कुणी दारं धरता धरता लिहीत होतं, म्हणून मध्येच "थांबा, पाणी फुटलं" असं यायचं.

इतकं वाचन चाललेलं बघून माझ्यातल्या बाईला राहवेना. मी लिहिलं, "मुलांनो, निर्यात थांबली की देशात कांदा स्वस्त होईल आणि गरिबांना मिळेल, ही दुसरी बाजूही बघा." ग्रुप एक मिनिट गप्प. मग श्रीगोंद्याहून, अत्यंत नम्रपणे, हात जोडल्याच्या चित्रासकट आलं, "मॅडम, आधी पूर्ण वाचून घ्या, मग बोलू."

हे वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलेलं होतं. ऐकायला कसं लागतं ते माहीत नव्हतं.

मार्चअखेर बंदी उठेल म्हणून पोरं थांबली, तर ती पुढील आदेशापर्यंत वाढली. 'पुढील आदेशापर्यंत' या शब्दांची किंमत काय, हे त्यांना माझ्याहून बरं कळत होतं. माझ्या भाषणातून नव्हे, चाळीत सडणाऱ्या मालावरून. मे 2024 मध्ये बंदी उठली ती टनाला किमान 550 डॉलर भाव आणि वर चाळीस टक्के शुल्क लावून. डॉलरचा गुणाकार ग्रुपवर मिनिटाच्या आत झाला. तोवर भाच्याने मला न विचारता चौघांना अ‍ॅडमिन करून टाकलं होतं. एका सकाळी उठून बघते तर 'ग्रुपचं नाव बदललं'. 'आत्मोन्नती युवा वाचक मंडळ' जाऊन 'कांदा भाव + भरती अपडेट, अहमदनगर'. मी परत बदललं. त्यांनी परत बदललं. ऑक्टोबरात सरकारनेच जिल्ह्याचं नाव बदलून अहिल्यानगर केलं, तेव्हा आमच्या भांडणाला शासकीय वळण लागलं. जामखेडच्या मुलाचं म्हणणं, अहिल्यादेवींचं चौंडी आमच्या तालुक्यातलं, तेव्हा नवं नाव लागलंच पाहिजे. नगर शहरातला एक म्हणाला, आपण नुसतं 'नगर'च म्हणतो, तेवढंच ठेवा. शेवटी 'अहिल्यानगर कांदा भाव + भरती' यावर तह झाला. कोमलने बदाम पाठवला.

रविवारचं मीट मी बंद केलं नव्हतं. तत्त्वाचा प्रश्न होता. येणारी एकच उरली होती, अकोल्याची ती टेकाडावरची. तिच्या घरी कांदा नव्हता, भात होता, म्हणून ती बिचारी 'स्मृतिचित्रे'च वाचत राहिली असावी. माझं पुस्तक सोवळ्याओवळ्याच्या पहिल्या प्रकरणांपाशी खूण घालून उशाशी पडलं होतं. कांद्याच्या अधिसूचना पूर्ण वाचून घेण्यात माझे महिने गेले होते, कारण पुन्हा कुणाचे हात जोडलेले बघायची माझी तयारी नव्हती.

"मॅडम, वाचून झालं," ती म्हणाली.

"छान! काय आवडलं?"

"लक्ष्मीबाई. पण मला एक विचारायचंय. त्यांचे यजमान टिळक असे मध्येच उठून काहीतरी मोठं काढायचे, आणि मग निस्तरायचं लक्ष्मीबाईंनी. 'ख्रिस्तायन' हे काव्यसुद्धा त्यांनी सुरू केलं आणि पुढे न्यायला ह्याच. ते वाचताना सारखं वाटत होतं…" ती ओढणी सावरायला थांबली. "राग नाही ना येणार? टिळकांचा स्वभाव थोडा तुमच्यासारखा वाटला. तुम्हाला वाचताना नाही वाटलं का तसं? पुढे ते आहे ना, तो प्रसंग, तिथे तर अगदीच. तुम्हाला काय वाटलं त्या प्रसंगाबद्दल?"

आमच्या नगर शहरातल्या सावेडीत घरात फायबरचं कनेक्शन आहे, आणि मोबाइलचा टॉवर गॅलरीतून दिसतो.

"हॅलो?" मी म्हटलं. "हॅलो, आवाज येतोय का गं? इकडे ना, रेंजच नाहीये."