पदसंख्या : एक (कमी-जास्त होऊ शकते)

आजच्या तरुणांना संशोधनाची ओढ नाही, असं सत्कारसमारंभांत ऐकू येतं. आम्हाला हे साफ नामंजूर आहे. सरकारी प्रयोगशाळेत इंटर्नशिप किंवा नोकरी शोधणारं कुठलंही पोर बघा, अर्ज भरायच्या आधीच ते मुरलेलं संशोधक झालेलं असतं.

जाहिरात संकेतस्थळावर असते, पण दिसेल अशा जागी नसते. शेजारी लाल अक्षरांत ‘नवीन’ असं लुकलुकतं. गेल्या साली उघडलेल्या निविदेशेजारीही तेच लुकलुकतं. उघडावी तर तिरका स्कॅन केलेला कागद निघतो, म्हणजे गुगललाही तो वाचता येत नाही. गोपनीयता यालाच म्हणतात.

इंटर्नशिपचं गणित वेगळं. बंगळूरुची भारतीय विज्ञान अकादमी दिल्ली आणि प्रयागराजच्या अकादम्यांना सोबत घेऊन उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना शास्त्रज्ञांकडे दोन महिने काम करायला धाडते. योजना खरोखर चांगली. फक्त तिचे अर्ज दिवाळीच्या आगेमागे भरायचे असतात, आणि आपल्या पोरांना उन्हाळा आठवतो तो बाजारात कैऱ्या आल्यावर. मग शिफारसपत्र हवं. तालुक्याच्या कॉलेजातले सर स्वतः तासिका तत्त्वावर. त्यांनी पत्र लगेच दिलं आणि हळूच विचारलं, “प्रोजेक्ट असिस्टंटची वगैरे जाहिरात दिसली तर मलाही पाठव रे.”

नोकरीचा राजमार्ग म्हणजे सीएसआयआरची नेट परीक्षा. ती वर्षातून दोनदा होते, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. जून २०२४ ची जुलैत झाली. डिसेंबर २०२४ ची २०२५ च्या फेब्रुवारीअखेरीला सुरू झाली. काळ सापेक्ष असतो, हे एवढ्या स्वस्तात दुसरं कोण शिकवणार? पास होऊन जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर महिना ३७ हजार. नाही मिळाली तर वॉक-इन मुलाखत.

वॉक-इन हा आमचा लाडका वाङ्मयप्रकार. ‘पद निव्वळ तात्पुरते आहे. प्रकल्पासोबत संपुष्टात येईल. प्रवासभत्ता मिळणार नाही. पदसंख्या एक, कमी-जास्त होऊ शकते.’ एकातून कमी झालं तर काय उरतं, हे बीएस्सीच्या मुलांना विचारायला नको. पात्रता एमएस्सी, नेट-गेट असेल तर पगार थोडा जास्त, नसेल तर कमी, घरभाडं वेगळं. एवढ्यासाठी उदगीरहून रात्रीच्या एसटीनं निघालेला मुलगा सकाळी पुण्यात पाषाणच्या प्रयोगशाळेच्या फाटकावर उभा असतो. त्याच्या पुढे चाळीस जण, त्यांतले चारदोन डॉक्टरेटवाले. सुरक्षारक्षक रजिस्टरात प्रत्येकाचं ‘येण्याचं कारण’ लिहून घेतो. जाहिरातीत ‘वांछनीय’ म्हणून ज्या यंत्राचा अनुभव मागितलेला असतो, ते यंत्र कोणत्या प्रयोगशाळेत आहे आणि ते सध्या कोण चालवतो, हे रांगेतल्या सगळ्यांना ठाऊक असतं. तो उमेदवारही रांगेतच असतो. बाकीचे त्यालाच विचारतात, “सर आत काय विचारतात?”

सगळीकडेच असं आहे, असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षणशाळा १९५७ पासून चालू आहे. गेटचे गुण किंवा त्यांची परीक्षा, मग मुलाखत, वर्षभराचं शिक्षण, आणि ते नीट पार पाडलं तर नेमणूक. ठरल्या वाटेनं नोकरी मिळते. त्यामुळे तिथे चमत्काराला जागा नाही, आणि जागाही अर्थात मोजक्याच.

आमच्या ओळखीच्या एकाची वॉक-इनमध्ये निवड झाली. सहा महिन्यांची ऑर्डर निघाली, ‘आवश्यकतेनुसार मुदतवाढ’ अशी तळटीप असलेली. गावात बॅनर लागला, त्यावर ‘शास्त्रज्ञ’ असं लिहिलं होतं आणि सरपंचांचा फोटो त्याच्या फोटोपेक्षा मोठा होता. पुण्यात खोली बघायला गेला तर घरमालक खूश झाले.

“सरकारी शास्त्रज्ञ! मग काळजीच नाही. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट करू. दोन महिन्यांचं डिपॉझिट द्या.”

पुरावा म्हणून त्यानं ऑर्डर दाखवली. मालकांनी चष्मा लावून ती तळटिपेसकट वाचली, आणि डिपॉझिट सहा महिन्यांचं मागितलं.