ढोलकपूरची घाई

छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या एका चाहत्याची ‘छोटा भीम’वर एकच तक्रार आहे. पटकथेत घाई फार. २००८ पासून पोगोवर चाललेल्या या मालिकेत ढोलकपूरच्या राजा इंद्रवर्मावर संकट येतं, टुनटुन मावशीचा लाडू भीमाच्या तोंडात पडतो आणि त्याच भागात सगळं मिटतं. ना निविदा, ना मुदतवाढ, ना सुधारित अंदाजपत्रक. याला काय कथानक म्हणायचं?

कथा कशी फुलवावी, हे त्याच्या शहराकडून शिकावं. नाथसागर जलाशय पन्नासेक किलोमीटरवर. २०१९ मध्ये १,६८० कोटींची पाणीयोजना मंजूर झाली, डिसेंबर २०२० मध्ये भूमिपूजन झालं, मग खर्च २,७४० कोटींवर गेला. प्रेक्षक मात्र जागचा हलला नाही. उन्हाळ्यात नळाला पाणी न येता आठवडा उलटला, तरी निळे ड्रम मांडून, अपरात्री मोटरीच्या बटणावर बोट ठेवून तो पुढच्या भागाची वाट पाहत बसला. असा प्रेक्षक ‘छोटा भीम’ बनवणाऱ्या हैदराबादच्या ग्रीन गोल्डला कुठून मिळणार?

तरी एका दृश्याला त्याने मनापासून दाद दिली. कोरडा लाडू गिळून भीम पाण्याचा घोटही न मागता थेट मारामारीला धावतो. पोरगा ढोलकपूरचा दाखवला असला, तरी रेशनकार्डावर पत्ता सिडकोचाच असणार.