ब्रंच, भुजिंग आणि बहादूरशहा

वसईच्या नावाने शिडाच्या जहाजावर झालेला सर्वांत गाजलेला कार्यक्रम २३ डिसेंबर १५३४ रोजी पार पडला. जहाज पोर्तुगिजांचं, नाव ‘साओ मातेउस’. यजमान गव्हर्नर नुनो द कुन्हा. कार्यक्रमाचं स्वरूप तह. पाहुण्यांना काय वाढलं याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, यजमानांच्या पानात काय पडलं ते महत्त्वाचं. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई दिली, साष्टी दिली आणि तोंडी लावायला मुंबईची सात बेटं दिली. जहाज निघून गेलं. वसई परत मिळायला १७३९ साल उजाडावं लागलं आणि चिमाजी अप्पा यावे लागले.

बहादूरशहाला यातून काही बोध झाला नाही. फेब्रुवारी १५३७ मध्ये दीवजवळ नांगरलेल्या पोर्तुगीज जहाजावर तो त्याच नुनो द कुन्हाच्या भेटीला गेला. परतताना झटापट झाली आणि सुलतान समुद्रातच संपला. शिडाच्या जहाजावरच्या पाहुणचाराला ‘नियम व अटी लागू’ असतात, हे या किनाऱ्याला तेव्हाच कळायला हरकत नव्हती.

पण कळलं ते लक्षात ठेवायची आपल्याकडे पद्धत नाही. १८०२ च्या दिवाळीत यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशव्यांच्या फौजेचा फडशा पाडला आणि दुसरे बाजीराव पुण्याहून निघाले ते कोकणात उतरले. तिथून इंग्रजांच्या जहाजाने वसईला. तहावर सही झाली ती तारीख ३१ डिसेंबर. हल्ली थर्टीफर्स्टला अर्नाळ्याच्या रिसॉर्टवर लोक डीजे लावून जे काही करतात, त्याने फार तर शेजाऱ्यांची झोप जाते. बाजीरावांच्या थर्टीफर्स्टला पेशवाईचं स्वातंत्र्य गेलं.

एवढा अनुभव गाठीशी असलेल्या शहराने आता रविवारी सकाळी शिडाच्या जहाजावर ब्रंच क्रूझ मागितली आहे.

मागणी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरची आहे, तेव्हा ती शासनदरबारी पोहोचली असा समज कोणी करून घेऊ नये. कोणाच्या तरी जावयाने न्यूयॉर्कहून व्हिडिओ पाठवला. त्यात पांढरीशुभ्र शिडं, लाकडी डेक, अंड्याचे नाजूक प्रकार, संत्र्याच्या रसात शॅम्पेन आणि मागे स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा. सकाळी उशिरा उठून नाश्ता आणि जेवण एकाच पैशात उरकायची ही तिकडची रीत. व्हिडिओखाली तासाभरात ठराव झाला : वसईला काय कमी आहे? समुद्र आहे, किल्ला आहे, रविवार आहे. नाही ते फक्त जहाज.

जहाज नाही, असं आगाशीकरांसमोर म्हणणं बरं नव्हे. ठाण्याच्या जुन्या गॅझेटियरात नोंद आहे की सोळाव्या शतकात आगाशी हे जहाजबांधणीचं नावाजलेलं ठिकाण होतं. इतकं, की १५४० साली पोर्तुगिजांनी वसईहून खास मोहीम काढून तिथे बांधत असलेलं एक जहाज पळवलं आणि पुढे त्याच जहाजाने युरोपच्या फेऱ्या मारल्या. म्हणजे परदेशवारी करणारं पहिलं आगाशीकर ते. त्याला तिकीटही काढावं लागलं नाही. आज त्याच आगाशीचा माणूस सकाळी विरार स्टेशन गाठतो तो रिक्षावाल्याच्या शेजारी, अर्ध्या मांडीवर, एक पाय बाहेर काढून. सुकाणू दुसऱ्याच्या हातात आणि निम्मं अंग वाऱ्यावर. नौकानयनाची परंपरा अगदीच बुडालेली नाही.

सोपाऱ्याचीही तीच कथा. ग्रीक खलाशाच्या ‘पेरिप्लस’मध्ये ज्याचं नाव आहे, ज्या मातीत भगवानलाल इंद्रजींना १८८२ साली अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, ते बंदर गाळाने भरलं आणि जहाजं यायची थांबली. पाणी मात्र अजून नेमाने येतं. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, गाड्या जागेवर उभ्या राहिल्या आणि अडकलेल्या प्रवाशांना काढायला एनडीआरएफला यावं लागलं. शहर जलपर्यटनाला तयार आहे, याचा आणखी काय पुरावा द्यायचा?

तेव्हा या मागणीला आमचा बिनशर्त पाठिंबा. काही तांत्रिक बाबी तेवढ्या ठरवून घेऊ.

पहिली बाब वाऱ्याची. कोकणात भूगोलाच्या पुस्तकातले दोन्ही वारे अजून कामावर आहेत. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहतो तो मतलई, दुपारी समुद्राकडून जमिनीकडे येतो तो खारा. इंजिनं आली नव्हती तेव्हा पाचूबंदरचा तांडेल मतलईवर होडी बाहेर काढायचा आणि खाऱ्या वाऱ्यावर घरी आणायचा. डिझेलचा खर्च शून्य. या दोघांची पाळी बदलते ती वेळ साधारण सकाळी नऊ-दहा ते अकरा. सरकारी कचेरीतल्यासारखं : पहिला उठून गेलेला, दुसरा अजून यायचा, खुर्चीवर नुसता कोट. म्हणजे नेमकं ब्रंचच्या वेळेला शिडं लोंबकळणार आणि जहाज जागचं हलणार नाही. आमच्या मते ही सोयच आहे. जहाज हललं तर निम्म्या लोकांना मळमळतं आणि भरलेले पैसे पाण्यात जातात. शिवाय महामार्गावर वर्सोवा पुलाच्या अलीकडे गाडीत बसून डबा संपवलेल्या माणसाला उभ्या वाहनात जेवायचं काही नवल नाही. इथे निदान हॉर्न तरी नसेल.

दुसरी बाब जेवणाची. न्यूयॉर्कच्या अंड्यांची नक्कल करायचं कारण नाही. आगाशीचं भुजिंग घ्या. कोळशावर भाजलेली कोंबडी, पोहे, बटाटा, मसाला, सगळं एकत्र परतलेलं. पोहे आहेत म्हणून नाश्ता, कोंबडी आहे म्हणून जेवण. ब्रंच ब्रंच म्हणतात ते हेच, आणि आगाशीत ते शॅम्पेनशिवाय जमतं. सोबत वसईच्या ख्रिस्ती घरांतले फुगे आणि इंदियाल, गोडाला सुकेळी. वाळवलेले बोंबील ठेवायचे की नाही यावर सोसायटीत मतभेद आहेत. वास डेकभर पसरेल, असं ‘ए’ विंगचं म्हणणं. समुद्रावर जाऊन मासळीच्या वासाची तक्रार करणारी माणसं वसईत फ्लॅट घेऊन राहतात, हा आमच्या संशोधनाचा वेगळा विषय आहे. तडजोड म्हणून जैन भुजिंगही ठेवू. त्यात कोंबडी नाही, बटाटा नाही. पोहे आहेत.

पेयाचा प्रश्न निसर्गानेच सोडवला आहे. सकाळी नऊला ग्लासात ओतलेली ताडाची नीरा ऊन खात खात साडेअकरापर्यंत आपली आपण ताडी होते. यजमानाला बोट लावावं लागत नाही. उत्पादन शुल्क खात्याने जहाज सुटताना तपासणी केली तर पेय आरोग्यदायी, परतल्यावर केली तर गुन्हा. तपासणी सुटतानाच व्हावी, एवढी व्यवस्था संबंधितांनी करायची.

तिसरी बाब खलाशांची. हा पैलू व्हिडिओ बघणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. शिडाचं जहाज बटण दाबून चालत नाही. माणसांना डोलकाठीवर चढावं लागतं, आडव्या परबाणावर पोट टेकून, पायाखाली एक दोर आणि त्याखाली समुद्र अशा अवस्थेत शिडं सोडावी-आवळावी लागतात. नौदलाचं ‘तरंगिणी’ हे तीन डोलकाठ्यांचं जहाज १९९७ पासून सेवेत आहे. २००३-०४ मध्ये त्याने पृथ्वीप्रदक्षिणा घातली. तरुण अधिकाऱ्यांना हे लटकणं शिकवण्यासाठीच ते ठेवलं आहे. विरारकराला हे शिकवायची गरज नाही. बारावी पास झाल्यापासून तो एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हाताने बॅग धरून, एका पायाच्या तीन बोटांवर चर्चगेटपर्यंत जातो, तेही खांब अंगावर येत असताना. त्याला परबाणावर चढवा. वर मोकळी हवा आहे, मागून कोणी ‘अंदर चलो’ म्हणत नाही, हे पाहून तो खाली उतरायला तयार होणार नाही.

बसायच्या जागेवरून मात्र गोंधळ होईल. जहाज वसईहून सुटणार म्हटल्यावर जाणकार मंडळी आदल्या फेरीला भाईंदरलाच चढून, ‘डाऊन’ करून, समुद्राकडच्या बाजूला रुमाल टाकून बसलेली असतील. ज्यांनी किल्ला बंदरच्या धक्क्यावर तासभर रांग लावली त्यांना डेकवर पाय ठेवताच कळेल की जहाज रिकामं येतच नसतं. मग चौथी सीट मागितली जाईल. भजनी मंडळ टाळ काढेल. कोपऱ्यात कोणीतरी गवार निवडायला घेईल. खाडीच्या रेल्वेपुलाखाली जहाज आलं की गाइड सांगेल, ‘उजवीकडे पाहा, विरार फास्ट. दारात दिसतात ते स्थानिक रहिवासी. त्यांना काही खायला टाकू नये.’

आता जरा जमिनीवर, म्हणजे चिखलावर, येऊ.

वसईकराला आजही डेक मिळतो. २० फेब्रुवारी २०२४ ला वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली. रस्त्याने हे अंतर अडतीसेक किलोमीटर, पाण्यावरून चारच्या आत. दहा-पंधरा मिनिटांत माणूस गाडीसकट पलीकडे. दर लागले ते असे : मोटारीला १८० रुपये, मोटारसायकलला ६०, माणसाला ३०. आणि शेळीला ४०. हो, बरोबर वाचलंत. माणसापेक्षा शेळीला दहा रुपये जास्त. यावर काहींनी नाक मुरडलं, पण दर ठरवणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी विरार लोकल पाहिलेली असणार, असं आम्हाला वाटतं. शेळीला उभं राहायला जागा लागते.

पुढे एप्रिल २०२५ मध्ये विरारच्या मारंबळपाड्याहून सफाळ्याकडची रो-रो सुरू झाली. रस्त्याने साठ किलोमीटर, पाण्यावरून दीड. दीड किलोमीटर पाणी ओलांडायला या किनाऱ्याला एकविसाव्या शतकाची पंचवीस वर्षं लागली. अशोकाची आज्ञा पाटलीपुत्राहून सोपाऱ्याला याहून लवकर पोहोचली असणार.

या रो-रोवर शिडं नाहीत, संत्र्याचा रस नाही. मोटारीच्या बॉनेटवर डबा उघडून पोळी-भाजी खाता येते आणि किल्ल्याचा तट फुकटात दिसतो. कोळिणींच्या पाट्या, शाळेची पोरं, टेम्पो, नव्या जोडप्याची सेल्फी, सगळं एकाच पत्र्यावर. गंमत अशी की, यावर ब्रंचचा व्हिडिओ कोणी काढत नाही. कामाच्या बोटीला पर्यटन म्हणायचं नाही आणि पर्यटनाच्या बोटीने कोणाचं काम करायचं नाही, असा अलिखित नियम दिसतो.

अर्नाळ्याला तर नियम आणखी कडक. किल्ल्याच्या बेटावर गाव आहे, माणसं राहतात, आणि किनाऱ्यावर यायला होडीशिवाय मार्ग नाही. धक्क्याची वाट पाहत तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं चपला हातात, कपडे गुडघ्यावर आणि गॅसचा सिलिंडर डोक्यावर घेऊन पाण्यातून होडी गाठली आहे. आजारी माणसालाही तोच रस्ता. हे लोक रोज सकाळी समुद्रावर असतात, न्याहारी बांधून आणतात, लाटांचा तुषार अंगावर घेतात. ब्रंच क्रूझच्या जाहिरातीत लिहायचं ते सगळं. जाहिरातदाराने मात्र त्यांच्याकडे फोटो मागितलेला नाही.

म्हणून सोसायटीच्या ठरावात आम्ही दोन ओळी घातल्या आहेत. पहिली : जहाज आणण्याआधी अर्नाळ्याच्या लोकांना भरती-ओहोटीला कोरड्या पायाने चढता-उतरता येईल अशी सोय व्हावी. दुसरी : जहाजावर जेवणानंतर कोणी कागद पुढे सरकवला तर वसईतल्या कुणीही चष्मा लावल्याशिवाय सही करू नये. दुसरी ओळ एकमताने मंजूर झाली. पहिलीवर ‘हे आपल्या वॉर्डात येत नाही’ असा शेरा पडून ती पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाली.

ता. क. : बुकिंगसाठी वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन करू नयेत. जहाज नाही. रो-रो आहे. जाण्याआधी भरती-ओहोटीची वेळ पाहा आणि सुटे पैसे घेऊन या.