राजा, राणी आणि धुकं

'भारतातील सर्वांत उंच धबधबा ______' ही गाळलेली जागा आमच्या पिढीनं डोळे झाकून भरली. उत्तर गिरसप्पा, उंची 830 फूट, मार्क एक. पुढं त्या यादीत दुसरी नावं वर चढली. साताऱ्याकडचा वजराईसुद्धा आता उंचीत पुढं आहे म्हणतात. पण आमच्या ह्यांचा पाठ्यपुस्तकावरचा विश्वास अढळ. त्यामुळं जुलैतला दुसरा शनिवार जोडून जोगला जाऊया, असं मी म्हटल्याबरोबर हे म्हणाले, "जोग कशाला? जायचंच तर गिरसप्पाला जाऊया की."

"अहो, दोन्ही एकच."

"एकच असतं तर दोन नावं कशाला ठेवली असती?"

मला माहेरचं एक आणि सासरचं एक अशी दोन नावं आहेत आणि दुसरं यांनीच तांदळात अंगठीनं लिहिलेलं आहे, हे मी बोलले नाही. निघायच्या आधी भांडलं की डब्यातल्या दशम्या वातड होतात, असं आमच्या सासूबाई म्हणायच्या.

कोल्हापूरच्या माणसानं पावसाळ्यात पाणी बघायला परमुलखात जाणं म्हणजे तसा द्रोहच. इथं आषाढ लागला की घरोघरी एकच विषय, पंचगंगा किती फुटांवर. राजाराम बंधाऱ्यापाशी 39 फुटांना इशारा पातळी, 43 ला धोका पातळी. हे आकडे आमच्याकडं पोरांना पाढ्यांच्या आधी येतात. राधानगरीचा स्वयंचलित दरवाजा उघडला की लोक एकमेकांना फोन करून कळवतात, जसं काही घरात बाळंतपण झालंय. यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे भाऊजी, तर रोज सकाळी नदीवर जाऊन स्वतः पातळी बघून येतात. सरकारी आकड्यावर त्यांचा भरवसा नाही. आम्ही निघालो तेव्हा ते दारात येऊन एवढंच म्हणाले, "पाणी चढायला लागलंय आणि तुम्ही निघालात?"

निपाणी गेली, तवंदीचा घाट गेला. बेळगावपर्यंत हे खिडकीची काच खाली करून ऐटीत मराठीत रस्ता विचारत होते. रस्ता सरळ हायवेचा, विचारायची काही गरज नव्हती. पण मोबाइलमधल्या बाईचं ऐकायचं नाही, माणसाला विचारायचं, हे यांचं तत्त्व. बाईचं ऐकायचं नाही हा त्यातला मुख्य भाग. धारवाडला पेढे झाले. हुबळीनंतर मात्र यांचा आवाज उतरला, कारण यांचं कानडी 'एष्टु' आणि 'स्वल्प' या दोन शब्दांत संपतं. किती आणि थोडं, एवढ्या भांडवलावर बाजार होतो, प्रवास होत नाही.

मुंडगोडच्या पुढं झाडी दाट झाली. शिरसीच्या आसपास तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना सुपारीच्या बागा, एकेका सुपारीवर मिरीचे वेल चढलेले, आणि वरून असा पाऊस की वायपर नुसता हजेरी लावत होता. शिरसीत आम्ही बन्स खाल्ले. पिकलेलं केळं मैद्यात मळून तळलेली ही गोडसर पुरी, सोबत खोबऱ्याची चटणी. यांनी चार संपवले आणि मग म्हणाले, "मिसळीची सर नाही."

सिद्धापूर सोडल्यावर एक तिठा येतो. मोबाइलमधली बाई म्हणाली डावीकडं. मी म्हटलं डावीकडं. यांनी गाडी थांबवली, काच खाली केली आणि डोक्यावर प्लास्टिकचं पोतं घेतलेल्या एका म्हाताऱ्याला मोठ्यांदा विचारलं, "गिरसप्पा?"

त्यानं शांतपणे उजवीकडं हात केला.

"बघ," हे म्हणाले. त्या एका शब्दात तेहतीस कोटी नवऱ्यांचं समाधान होतं.

मग आम्ही घाट उतरायला लागलो. वळणामागून वळण, गच्च जंगल, रस्त्यावर वाहणारं लाल पाणी. धबधबा बघायला जायचं तर आपण इतकं खाली का चाललोय, असं मी विचारलं. "पडलेलं पाणी खालीच असणार," असं शास्त्रीय उत्तर आलं. घाट संपला आणि खरोखरच गेरुसोप्पा आलं. गाव. शेजारून शरावती वाहत होती, रुंद, संथ, कुठूनही पडल्यासारखी दिसत नव्हती. एका दुकानदाराला मी हिंदीत धबधब्याचं विचारलं, तर तो हसून म्हणाला, तो वर, तुम्ही आलात तिकडंच.

मोबाइलमध्ये वाचलं, ते गाव काही ऐरंगैरं नाही. सोळाव्या शतकात इथं चेन्नभैरादेवी राज्य करत होती. मिरीचा व्यापार तिच्या हातात, म्हणून पोर्तुगीज तिला मिरीची राणीच म्हणत. जंगलात चार दिशांना चार दारं असलेली जैन बसदी अजून उभी आहे. धबधब्याला इंग्रजांच्या काळी नाव पडलं ते ह्या गावावरून, आणि धबधबा इथून तीसेक किलोमीटर वर. मी हे सगळं वाचून दाखवल्यावर यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे जोग वेगळं आणि गिरसप्पा वेगळं. मी घरी काय म्हणत होतो?"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. आम्ही तोच घाट पुन्हा चढलो.

जोगला पोचलो तेव्हा धबधबा नव्हता. म्हणजे आवाज होता, पोटात घुमणारा. पण समोर कठड्यापलीकडं नुसतं पांढरं धुकं, आणि त्या धुक्याकडं तोंड करून उभी असलेली दोनतीनशे माणसं. सगळ्यांचे मोबाइल वर. सगळे धुक्याचा व्हिडिओ काढत होते. लॅमिनेट केलेले फोटो विकणारा एक पोरगा आमच्यापाशी आला. फोटोवर पावसाचे थेंब साचलेले. ते बाहीनं पुसून तो छत्रीच्या टोकानं धुक्यात नेमक्या जागा दाखवायला लागला: ये राजा, ये रोअरर, वो रॉकेट, वो रानी. खुणा इतक्या ठाम, की माना हलवण्यावाचून इलाज नव्हता.

चारही एकाच शरावतीच्या धारा. राजा 830 फूट सरळ एका उडीत खाली, मध्ये कुठं टेकणं नाही. रोअरर आरडाओरडा करत येतो आणि अर्ध्या वाटेत राजाच्या अंगावर जातो. रॉकेट थांबून थांबून फवारे सोडतो. राणी मात्र खडकावरून फेसाळत, सावकाश, आपली आपली उतरते. नावं ठेवणारा संसारी माणूस असणार. उडी मारणाऱ्याला राजा म्हटलं, पण खडकाखडकाशी जुळवून घेत खाली पोचायचं काम राणीकडं दिलं.

हे दरम्यान त्या पोराला विचारत होते, धरण कुठं, दरवाजे किती, स्वयंचलित आहेत का. धरण वरच्या अंगाला आहे, लिंगनमक्की, 1964 चं. शरावतीचं बरंचसं पाणी तिथं अडतं आणि विजेकडं जातं. त्याआधीपासून, 1948 पासून, खाली वीजघर आहेच. म्हणून उन्हाळ्यात इथं काळा कडा आणि चार ओघळ उरतात. धरण भरून दरवाजे उघडले, तर पाहायला नको. "म्हणजे राजाराणीचा कॉक इंजिनीअरच्या हातात," हे म्हणाले, आणि दिवसभरात पहिल्यांदा मला यांचं पटलं.

पलीकडच्या अंगाला एक बंगला आहे, त्याला अजून बॉम्बे बंगला म्हणतात. तो काठ मुंबई इलाख्यात होता, अलीकडचा म्हैसूर संस्थानात. 1956 पर्यंत कारवारकडचा तो जिल्हा मुंबई राज्यातच होता. हे ऐकल्यावर यांच्या डोळ्यांत हक्काची चमक आली. पण बंगला बघायलाही धुकं आड.

तेवढ्यात यांचा फोन वाजला. भाऊजी. रेंज धड नाही, म्हणून हे एका कानावर हात ठेवून, धबधब्याकडं पाठ करून, चहाच्या टपरीकडं सरकले. "किती? सदतीस? आणि राधानगरी?"

आणि धुकं फाटलं.

उजवीकडून सुरुवात झाली, आधी झाडं, मग काळा ओला कडा, मग एकदम सगळंच. पाणी पडताना दिसत नव्हतं, टांगल्यासारखं दिसत होतं. नजर एका धारेवर धरून खाली नेली तरच कळायचं की ते किती वेगानं चाललंय आणि अर्ध्यावरच त्याचं पाणी राहत नाही, नुसती वाफ होते. माझ्या शेजारची नऊवारीतली आजी हात जोडून उभी होती. सगळा कठडा एका सुरात ओरडला. मीही ओरडले, "अहो! अहो, बघा!" यांनी मागं न बघता, बोलणं चाललंय, अशा अर्थी हात हलवला.

फोन ठेवून हे वळले तेव्हा समोर पुन्हा दुधाळ भिंत. आम्ही अंधार पडेपर्यंत थांबलो. पार्किंगचे पैसे दिले होते ना.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या अलीकडं भाऊजींचा पुन्हा फोन आला. यांनी स्पीकरवर टाकला. "राजा? अरे काय सांगू तुला, नऊशे फूट, सरळ! आणि रोअरर असा येतो की छातीत धस्स होतं." एवढं रसाळ वर्णन, पाहिलेल्या माणसाला जमलं नसतं. मी फक्त हळूच 'आठशे तीस' म्हटलं.

भाऊजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते झालं रे. पण तिथली इशारा पातळी किती?"

यांनी गाडी कडेला घेतली आणि माझ्याकडं बघितलं. "अगं, ते विचारायचंच राहिलं की!"