तो शनी नाही, आई

श्टुटगार्ट, शनिवार

ती. आई व अण्णा,

काल तुमचा फोन आला तेव्हा कुकर शिट्ट्या देत होता आणि तुमचे चिरंजीव शेजारीच उभे होते, म्हणून मोकळं बोलता आलं नाही. आता ते बाहेर गेलेत. जिन्याचा वरचा टप्पा पुसून झालाय, तो वाळेपर्यंत लिहिते.

आधी मुद्द्याचं. व्हिडिओ कॉलवर देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर जे काळे, झगा घातलेले, तोंड झाकलेले रांगेनं उभे दिसले, ते शनिमहाराज नाहीत. एकही नाही. तुमचं पार्सल मिळालं. बिबड्या न मोडता पोचल्या, कळण्याच्या पिठाच्या भाकरी दोन दिवस खाल्ल्या. पण काळ्या उडदाची पुरचुंडी, घोड्याची नाल आणि नस्तनपूरचा अंगारा निघाला तेव्हा हसावं की रडावं कळेना. नाल दाराला लावलीय. उडदाची आमटी केली, राग मानू नका.

तुमचा संशयही अगदीच वावगा नाही म्हणा. माणूस दर शनिवारी सकाळी न सांगता अंघोळ करतो, उपाशीपोटी बाहेर पडतो आणि दुपारी कागदात गुंडाळलेलं काहीतरी काळं घेऊन येतो. कुठल्याही आईला तेच वाटेल. पण ते जातात कार्ल्सप्लाट्झला. तिथं शनिवारी जुना बाजार भरतो.

त्या काळ्याचं नाव डार्थ व्हेडर. १९७७ साली आलेल्या ‘स्टार वॉर्स’मधला खलनायक. मूळचा गुणी पोरगा, पण आई गेली आणि बिघडला (हे वाक्य तुमचे चिरंजीव मला मुद्दाम दोनदा ऐकवतात). पुढे आगीत होरपळला, म्हणून तो मुखवटा आणि ते श्वासाचं यंत्र. बापलेकाचं वैर आहे, एवढं मात्र शनीशी जुळतं. पण शेवटी लेकासाठी जीव देतो, तेव्हा अंगारा परत पाठवत नाही, असू दे. अंग एका नटाचं आणि आवाज दुसऱ्याचा. झग्यात डेव्हिड प्राउझ, बोलतो जेम्स अर्ल जोन्स. आपल्या ‘झपाटलेला’त नाही का, बाहुला रामदास पाध्यांचा आणि आवाज दिलीप प्रभावळकरांचा! तो तात्या विंचू पाहून मंदाताई महिनाभर एकटी मोरीत जात नव्हती, तिला सांगा की हा त्यापेक्षा बरा. रात्री उठून चालत नाही.

आता किंमत. अण्णांना आधी बसवा. बोटाएवढा हा बाहुला १९७८ मध्ये अमेरिकेत दोन डॉलरच्या आत मिळायचा. आज इथं बाजारात तलवार हरवलेल्या, झगा फाटलेल्या एकासाठी माणूस पंचवीस युरो मागतो. म्हणजे अडीच हजार रुपये! मी आग्रा रोडवर घासाघीस शिकलेली धुळ्याची मुलगी, पंधरावर आणला. चिरंजीव लांब उभे राहून ओळख नसल्यासारखं करत होते. आणि ज्याचा पुठ्ठा कधी फाडलाच नाही, त्याचे भाव तर विचारूच नका. सुरुवातीच्या काहींची तलवार दोन टप्प्यांत बाहेर यायची, तसला न फोडलेला निघाला तर लिलावात लाखो रुपये. म्हणून आमच्याकडे दोन पुठ्ठ्यातच आहेत आणि छोट्या सईला हात लावायची बंदी आहे. खेळणं आणि खेळायचं नाही!

बाहुले बनवणारी केनर कंपनीही वस्ताद. १९७७ च्या नाताळापर्यंत माल तयार झाला नाही, तर त्यांनी पाकीट विकलं. आत पुठ्ठा आणि कागद, बाहुले पुढच्या वर्षी पोस्टानं. लोकांनी घेतलंही. मी काही बोलले की हे कॅलिफोर्नियातल्या स्टीव्ह सॅन्सवीटचा दाखला देतात. त्याच्याकडे या सिनेमाच्या ९३,२६० वस्तू मोजून गिनीजनं विक्रम नोंदवला. ठेवल्यात कुठे, तर पूर्वीच्या कोंबड्यांच्या फार्मवर. मी म्हटलं, आपल्याकडे तीन खोल्या आहेत आणि कोंबड्या नाहीत.

थांबा, खालचा टप्पा पुसून येते.

आले. हा जिना म्हणजे इथला ‘केरवोखं’. दारावर पाटी लटकली की त्या आठवड्यात जिना झाडायचा-पुसायचा तुमचा. घाण असो नसो. पाहुणे असोत, ताप असो, पाटी आली की आली. मोठी पाटी आली तर बाहेरचा फुटपाथही आणि हिवाळ्यात त्यावरचा बर्फही. मागच्या खेपेला मी लखलखीत पुसला, तरी तळमजल्याच्या आजींनी कठड्याखालून बोट फिरवून मला दाखवलं. बोटावर काही नव्हतं. तरी दाखवलं! आई, तुम्ही माझ्या भांड्यांवर असं कधी बोट फिरवलं नाहीत, हे लिहून ठेवते. आणि पाटी आमची असते तेव्हा नेमके चिरंजीव बाजारात असतात.

मंदाताईच्या पोरीच्या लग्नाचं कळलं. तोळा लाखाच्या वर गेलाय, मग सराफ बाजारात फक्त चहा पिऊन या. कानबाईला भाऊजी रोटाला थांबले नाहीत, याचं मनाला लावून घेऊ नका, ते स्वतःच्या लग्नातही पंगतीला थांबले नव्हते. पुष्पावहिनींनी एसी घेतला म्हणून तुम्हीही कुलर काढताय म्हणे. त्याचं एक सांगू? यांच्याकडे व्हेडरचं टोप आहे, बटण दाबलं की तो श्वास ऐकू येतो. पाणबुड्याच्या नळीत मायक्रोफोन घालून तो आवाज केलाय म्हणतात. मला तर तो गच्चीवरच्या खोलीतल्या आपल्या कुलरसारखाच वाटतो. मे महिना, पंचेचाळीस अंश, वाळ्याचा वास, अण्णांचं घोरणं. परवा झोप येत नव्हती म्हणून मी गुपचूप बटण दाबलं, तर हेही जागेच होते. म्हणाले, परत दाब. भरीत तर इथं ओव्हनमध्ये होतं आई, पऱ्हाटीच्या काड्या कुठून आणू? धूर झाला की छतावरचा भोंगा कोकलतो.

लग्नासाठी रंग काढताय आणि माळा रिकामा करताय असं कळलं. निळ्या ट्रंकेत ह्यांचा लहानपणचा लिओ कंपनीचा स्केलेटॉर बाहुला आहे, एका हाताचा. तो भंगारवाल्याला देऊ नका. बिबड्यांच्या पुढच्या पार्सलात मधोमध घाला, आणि मी मागितला हे यांना सांगू नका.

तुमची सून