आरोपी गेटबाहेर

2021 च्या ऑस्करला माहितीपटांच्या अंतिम पाचांत चिलीतला एक वृद्धाश्रम होता. समोर होता दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रातला एक ऑक्टोपस.

ऑक्टोपस जिंकला.

तक्रार नाही. त्या ऑक्टोपसला भेटायला एक माणूस वर्षभर रोज गारठ्या पाण्यात उतरत होता. वृद्धाश्रमातल्या आजीबाईंकडे रोज कोण येत होतं?

हरलेल्या चित्रपटाचं नाव ‘द मोल एजंट’. साल 2020, दिग्दर्शिका मायते अल्बेर्दी. एका बाईंना संशय आहे की वृद्धाश्रमात आपल्या आईचे हाल होतात, तिच्या वस्तू चोरीला जातात. मग बाई काय करतात? बसतात गाडीत आणि जाऊन आईला विचारतात?

छे. डिटेक्टिव्ह नेमतात.

रोमुलो नावाचे हे डिटेक्टिव्ह पेपरात जाहिरात देतात. वय 80 ते 90, काम गुप्तहेराचं. एरवी ज्यांना ‘आता घरी बसा’ एवढंच ऐकायची सवय झालेली, ते आजोबा इस्त्रीचे शर्ट घालून मुलाखतीला हजर. एक अट, मोबाइल वापरता यावा. तिथे निम्मी फौज गारद होते.

निवड होते 83 वर्षांच्या सर्जिओंची. पत्नी नुकतीच गेलेली, घर खायला उठलेलं. त्यांच्या मुलीला काळजी, हे सगळं कायद्यात बसतं ना? मग कॅमेरा दडवलेला चष्मा, कॅमेऱ्याचं पेन आणि व्हॉट्सअॅपची शिकवणी. घरातल्या आजोबांना व्हिडिओ कॉल शिकवताना ज्यांचा तोल गेला असेल, त्यांनी रोमुलोंचा संयम पाहावा. पैसे देणारं गिऱ्हाईक असलं की माणूस कसा प्रेमळ होतो!

एल मोन्ते गावातल्या त्या आश्रमात सर्जिओ राहायला जातात. चित्रीकरणाचं पथक आधीच आत शिरलेलं असतं, ‘आम्ही वृद्धत्वावर फिल्म करतोय’ असं सांगून. ती थाप म्हणावी तर फिल्म वृद्धत्वावरच झाली. खरं म्हणावं तर आश्रमाला हेराचा पत्ता नव्हता.

आता हेरगिरी. आश्रमात बायकांचं राज्य, पुरुष बोटांवर मोजण्याइतके. ज्या आजींवर नजर ठेवायची त्या कोण, हेच आधी आजोबांना ओळखू येईना. ओळखल्या, तर त्या फटकळ. बोलायलाच तयार नाहीत. बाकीच्या मात्र भडाभडा बोलतात. एक आजी तर थेट प्रेमात पडतात, लग्नापर्यंत मजल जाते. आमचे सर्जिओ दिवंगत पत्नीची आठवण सांगून मोठ्या अदबीनं सुटका करून घेतात. आश्रमाच्या वर्धापनदिनाला त्यांना राजाचा मुकुटही चढतो. गुप्तहेरानं लपून राहावं म्हणतात!

आणि चोर? सापडला. वस्तू उचलणारी एक आजीच निघाली.

त्याच आजी गेटाशी उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्यांना म्हणतात, मला बाहेर सोडा. त्यांना आई न्यायला येणार आहे. पिकल्या केसांच्या बाईची आई. मग आश्रमातलीच एक कर्मचारी आई होऊन त्यांच्याशी फोनवर बोलते, समजूत काढते, येते म्हणून सांगते. हे फसवणुकीत धरायचं की सेवेत, ते ज्यांनी महिनाभरात खऱ्या आईला फोन केलाय त्यांनी ठरवावं.

दुसऱ्या एका आजींची स्मृती विरत चाललेली. मुलांचे चेहरे धूसर होत चाललेत, कारण चेहरे दाखवायला मुलं येतच नाहीत. सर्जिओ बाहेरून त्या मुलांचे फोटो मागवतात आणि आजींच्या हातात ठेवतात. मुलांना आणणं डिटेक्टिव्हच्याही हातात नव्हतं.

तीन महिन्यांनी शेवटचा अहवाल. छळ नाही, गुन्हा नाही. आहे तो एकटेपणा. आणि एक फटका : ही चौकशी त्या लेकीनं स्वतः येऊन करायला हवी होती.

ती लेक चित्रपटभर दिसत नाही. भूमिकेला इतका न्याय कुणी दिला नसेल.

आपल्याकडे हा चित्रपट झाला असता का? झाला असता की. पण खलनायक लागला असता. 1954 च्या ‘ऊन पाऊस’पासून 2003 च्या ‘बागबान’पर्यंत आपली व्यवस्था चोख आहे. नालायक मुलगे, उलट्या काळजाच्या सुना, मध्यंतरापर्यंत हुंदके आणि शेवटी आईबापांचा विजय. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर येतो. आपण त्यातले नाही, एवढी खात्री तिकिटातच मिळते. जयवंत दळवींनी ‘संध्याछाया’त हा खलनायकच काढून घेतला होता. मुलं वाईट नाहीत, फक्त इथे नाहीत. ते नाटक म्हणूनच जास्त बोचतं. शिव्या घालायला कुणी हाताशी लागत नाही.

आपल्या वृद्धाश्रमात कुणी येत नाही, असं मात्र म्हणू नका. उलट झुंबड असते. नेत्याचा वाढदिवस, मंडळाचा वर्धापनदिन, 1 ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन. आधी बॅनर आत येतो, मागून माणसं. फळवाटप सुरू. एक केळं, त्याला धरणारे सहा हात आणि मधोमध आजोबा. ‘काका, इकडे बघा.’ काका बघतात. फोटो नीट आला नाही, म्हणून केळं परत घेऊन पुन्हा दिलं जातं. दुपारी दुसरं मंडळ. काकांना मधुमेह आहे, हे विचारायला वेळ कुणाला?

कायदा आहे की आपल्याकडे! 2007 चा. आईवडील मुलांकडून निर्वाह भत्ता मागू शकतात, मूळ कायद्यात कमाल मर्यादा महिन्याला दहा हजार रुपयांची. त्यांना वाऱ्यावर सोडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हिशेब सोपा आहे. जास्तीत जास्त भत्ता एक महिना दिला, तर त्या पैशात दोनदा सोडून देता येतं.

लातूर जिल्हा परिषदेनं 2020 मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. आईबापांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचा 30 टक्के पगार कापायचा आणि त्यांच्या आईबापांना द्यायचा. खरोखर कापलाही. त्यात शिक्षकही होते. ‘मातृदेवो भव’ फळ्यावर लिहिणारे हेच असतील का, असं विचारायचा मोह होतो. आवरतो.

चीननं तर कमाल केली. 2013 पासून तिथल्या कायद्यानुसार वेगळं राहणाऱ्या मुलांनी आईवडिलांना वरचेवर भेटायला जायचं किंवा ख्यालीखुशाली विचारायची. वरचेवर म्हणजे किती, ते मोघम ठेवलंय. कायदा करणाऱ्यांनाही मुलं असणार.

हॉलिवूडनं या गोष्टीचं काय केलं? 2024 मध्ये ‘अ मॅन ऑन द इनसाइड’ ही मालिका. टेड डॅन्सन हेराच्या भूमिकेत, आश्रम असा की पाहणाऱ्यानं आजच नाव नोंदवावं. चिलीतल्या आश्रमाचं नाव सॅन फ्रान्सिस्को, म्हणजे संत फ्रान्सिस. मालिका घडते सॅन फ्रान्सिस्को शहरात. योगायोग असेलही. पण संत बदलून शहर आलं की भाडं किती वाढतं, ते डोळ्यांना दिसतं. मालिका गोड आहे, बघा. फक्त मूळ चित्रपट आधी बघा, नाहीतर म्हातारपण म्हणजे संध्याकाळची कॉकटेल पार्टी असा समज व्हायचा.

आणि डिटेक्टिव्ह नेमणाऱ्या त्या लेकीला फार हसू नका. पुण्या-मुंबईत आता आईवडिलांना भेटायला माणूस पाठवणाऱ्या कंपन्या आहेत. मासिक पॅकेज. दवाखान्यात नेणं, बँकेत नेणं, गप्पा मारणं, वाढदिवसाला केक. भेट झाली की फोटो न्यू जर्सीला, तिकडून बदाम. येणारी मुलं बहुतेक वेळा खरंच चांगली असतात. आई त्यांच्यासाठी लाडू करून ठेवते, हा वेगळा मुद्दा. चौकशी केलीत तर दरपत्रक लगेच येतं, खाली बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’.

स्वतः गेल्यास लागत नाही.