हात लावू नका!

माझे केस दाट आहेत. याचं कौतुक करणाऱ्यांचे केस बहुधा पातळ असतात. दाट केसांच्या बाईला रबरबँड पुरत नाही, सकाळी न्हायलं तरी आंबाड्याच्या पोटात संध्याकाळपर्यंत ओल राहते, आणि पार्लरमधली मुलगी केसांना हात घातल्याबरोबर म्हणते, "मॅडम, एक्स्ट्रा लागतील हं." त्यामुळे वेव्हज पाडायच्या तर घरीच.

कृती ऐकायला सोपी. केस निथळत असतानाच ओणवं व्हायचं, जेल चोपडायचं, टोकाकडून मूठभर केस उचलून टाळूच्या दिशेने दाबत चुरगळायचे. पचक पचक आवाज आला की पाणी पुरेसं आहे असं समजायचं. टॉवेल वर्ज्य, कारण तो खसाखसा फिरला की केस पिंजारतात. त्याऐवजी जुना सुती टी-शर्ट.

"अगं, तो माझा आहे!" नवरा ओरडतो.

"होता."

दाट केसांना विकतचं जेल परवडत नाही, म्हणून ते गॅसवर शिजतं. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात उकळायचे आणि चमच्यावरून तार गळू लागली की गरम असतानाच गाळायचे. गार झालं की ते भांडं सोडायला तयार नसतं. सासूबाई पातेल्यात डोकावल्या.

"कुणाचं पोट साफ होत नाहीये?"

"नाही हो आई, केसांना लावायचंय."

"मग खोबरेल तेलानं काय घोडं मारलंय?"

खरी परीक्षा पुढे असते. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनतात. ओले झाले की त्यातले हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना नव्याने जुळतात. जुळताना केस ज्या आकारात असतील, तो आकार टिकतो. म्हणून नियम एकच: पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. पण आपल्याकडे ओल्या केसांची बाई ही सार्वजनिक मालमत्ता. सासूबाई पंचा घेऊन मागे लागतात, "टाळू तरी पूस, सर्दी होईल." शेजारच्या काकू दारातूनच विचारतात, "फणी देऊ का गं?" लेक सरळ मूठ घालते आणि जाहीर करते, "ई, आईचे केस कडक झालेत!"

तसे ते व्हायलाच हवेत. वाळलेलं जेल खळ दिलेल्या साडीसारखं कडकडतं. केस आतपर्यंत कोरडे झाले की तो कडकपणा मुठीने मोडायचा, मग खाली मऊ लाटा निघतात. दाट केसांच्या आतल्या थरापर्यंत कोरडेपणा पोचवायला ड्रायरला डिफ्यूझर लावावा लागतो आणि तो धरून हात भरून येतो. एवढा खटाटोप करून केस दिसतात कसे? आत्ताच उठून आल्यासारखे. फॅशन म्हणतात ती हीच.

ही फॅशन टिकते मात्र हवेच्या मर्जीवर. जिनिव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञाने १७८३ साली माणसाच्या केसावर चालणाऱ्या आर्द्रतामापकाची माहिती प्रसिद्ध केली. दमट हवेत केस लांबतो, कोरड्या हवेत आखडतो, आणि तेवढ्यावर काटा हलतो. त्याचं काम मोजक्या केसांत भागलं. जुलैत मी डोंबिवलीच्या फलाटावर उभी राहते तेव्हा माझ्या डोक्यावर अशी लाखभर यंत्रं एकदम चालू असतात आणि दादर येईपर्यंत सगळी एकमताने निकाल देतात.

तेव्हा दाट केसांच्या भगिनींनो, वेव्हज पाडायच्या तर डिसेंबर-जानेवारीत पाडा. जेल लावताना हात आखडू नका आणि केस वाळेपर्यंत घरच्यांना कुठेतरी फिरायला पाठवा. जून ते सप्टेंबर मात्र मुकाट्याने आंबाडा घाला. त्या चार महिन्यांत जवसाची चटणी छान होते.